कागद ओढत नाही

जुलैत आमच्या फोंड्यात कागद कोरा मिळतो, कोरडा मिळत नाही. सकाळी रिमचं वेष्टण फोडावं तर दुपारपर्यंत वरच्या पानांच्या कडा वर-खाली व्हायला लागतात. पान हातात घेतलं तर कडकड वाजत नाही, नुसतं लोंबतं. असल्या दिवसांत दुकानाच्या दारात कोणी ना कोणी उभं असतंच आणि छत्री मिटता मिटता त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, प्रिंटर बिघडला. कागद ओढत नाही."

माझं दुकान झेरॉक्स आणि डीटीपीचं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, देवस्थानच्या महाजनांच्या सभेची नोटीस, लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकाच्या संहितेच्या प्रती, हे मूळ काम. प्रिंटर दुरुस्तीचा धंदा मी धरलेला नाही, तो अंगाला चिकटला. जिच्याकडे प्रिंटर आहेत तिला प्रिंटरमधलं कळत असणार, असा लोकांचा साधा हिशेब. कंपनीचा माणूस पणजीहून येणार, त्याला सवड होईल तेव्हा येणार आणि आल्या आल्या भेटीचे पैसे लावणार. त्यापेक्षा ताई बऱ्या.

या बिनपगारी नोकरीत माझं एक मत पक्कं झालंय. 'बिघडला' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रिंटरांपैकी बहुतेकांना काहीही झालेलं नसतं. प्रिंटरच्या एका अंगाला कागद असतो, दुसऱ्या अंगाला संगणक, आणि या दोघांच्या मध्ये हवा, वायर, वाय-फाय, राउटर आणि दूर कुठेतरी कोणी लिहिलेला ड्रायव्हर. भांडण या मधल्या मंडळींत लागतं. दिवा मात्र प्रिंटरचा लुकलुकतो, म्हणून शिव्याही तोच खातो. घरात सगळ्यांच्या तावडीत सापडणाऱ्या धाकट्या सुनेसारखी त्याची गत.

आता कागदाचंच घ्या. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक मिरगापासून चवथीपर्यंत. या दिवसांत हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. कागद म्हणजे शेवटी झाडाचे तंतू. हवेतलं पाणी ते पितात. कारखान्यातून निघताना कागदात ४-५ टक्केच ओलावा राखलेला असतो आणि तो तेवढाच राहावा म्हणून रिमच्या वेष्टणाला आतून प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो. ते वेष्टण टराटरा फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकणारी माणसं मला बघवत नाहीत.

ओलसर पान लेझर प्रिंटरमध्ये गेलं की दोनदा दगा देतं. टोनरची पूड कागदावर ओढली जाते ती विजेच्या भारामुळे. ओल्या कागदावर तो भार टिकत नाही, त्यामुळे छपाई फिकी किंवा ठिकठिकाणी उडालेली येते आणि गिऱ्हाईक म्हणतं टोनर संपला. मग ते पान फ्यूजरमध्ये जातं. तिथे १८० ते २०० अंशांच्या आसपास उष्णता असते, पूड वितळून कागदात बसवायला. त्या उष्णतेत पानातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पान वळतं. एकाच बाजूला छापायचं असेल तर वळलेलं पान निदान बाहेर तरी येतं. दोन्ही बाजूंना छापायचं असेल तर तेच वाकडं पान पुन्हा आत जातं आणि कुठल्या तरी कोपऱ्यात डोकं आपटून तिथेच बसतं. पावसाळ्यात दोन्ही बाजूंची छपाई अडकते आणि मार्चमध्ये तोच प्रिंटर तेच काम न कुरकुरता करतो, यात गूढ काही नाही.

यावर आमच्याकडचा उपाय जुना आहे. दुकानात लाकडी कपाट आहे, त्याच्या खालच्या खणात झिरोचा बल्ब. (नाव झिरो असलं तरी तो साधारण १५ वॉटचा असतो, विजेच्या बिलाला विचारा.) पावसाळाभर तो जळत ठेवायचा आणि वरच्या फळीवर रिम. रेशमी साड्यांना आणि कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी येऊ नये म्हणून इथे घराघरांत हेच करतात, कागदाचा मान त्यांच्यापेक्षा कमी का असावा? ट्रेमध्ये दिवसाला लागतील तेवढीच पानं ठेवायची, उरलेली संध्याकाळी वेष्टणात परत. एवढं केलं की निम्मे प्रिंटर आपोआप दुरुस्त होतात. कागद घेताना ७० जीएसएमचा स्वस्त गठ्ठा पावसाळ्यात घेऊ नका, ७५ किंवा ८० चा घ्या. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला वजन किती ग्रॅम. ए-फोर पान चौरस मीटरचा सोळावा भाग असतं, म्हणजे ८० जीएसएमचं एक पान बरोबर ५ ग्रॅमचं. या पाच-दहा जीएसएमच्या फरकानं पान ओल धरूनही उभं राहतं की लोळतं ते ठरतं.

कागद सुका आहे आणि तरीही ओढत नाही, तर मग रोलर बघायचा. ट्रेच्या तोंडाशी, जरा आत, रबरी रोलर असतो. नवा असताना तो निस्तेज दिसतो, बोट फिरवलं तर बोटाला किंचित धरतो. हजारो पानं ओढून झाली की कागदाची भुकटी त्यावर बसते आणि तो चकाकायला लागतो. चकाकणारा रोलर पानावरून नुसता घसरतो, घर्र घर्र आवाज करतो आणि प्रिंटर सांगतो की कागद नाही. ट्रे तर भरलेला! सुती फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, प्रिंटर बंद करून वायर काढायची आणि रोलर हातानं फिरवत पुसायचा. फडक्यावर राखाडी पट्टा उमटला की समजायचं, हेच होतं. पुष्कळ जण स्पिरिट लावतात. वरचेवर लावलं की रबर कडक पडतं आणि मग नवाच रोलर घालावा लागतो.

एकाच वेळी दोन-तीन पानं जात असतील तर रोलरला बोल लावू नका. त्याच्या समोर एक छोटी पट्टी असते, तिला सेपरेशन पॅड म्हणतात, खालचं पान मागे धरून ठेवणं हे तिचं काम. ती झिजली की पानं जोडीनं निघतात. पान तिरकं जात असेल तर ट्रेमधल्या सरकत्या पट्ट्या सैल आहेत. आणि त्या अगदी घट्ट आवळल्या तर पान जागचं हलत नाही. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण या पट्ट्या दोन बोटांनी सरकवून मी लोकांचे 'मेलेले' प्रिंटर उठवलेत आणि त्या बदल्यात चहाचे पैसेही मागितलेले नाहीत.

एका चवथीच्या आदल्या आठवड्यात भजनी मंडळाचे चिटणीस प्रिंटर घेऊन आले. स्कूटरच्या पुढ्यात, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला, वरून त्यांचा स्वतःचा रेनकोट. ते स्वतः चिंब. आरत्या आणि गजरांची पुस्तिका छापायची होती, घरोघर वाटायला.

"कागद अडकलाय म्हणतो. पण मी सगळं उघडून बघितलं, कागद कुठेच नाही. खोटं बोलतो हा."

"काका, अडकला होता तेव्हा ओढला कोणी?"

"नातवानं. वरून ओढला. आला की सगळा बाहेर."

सगळा आला नव्हता. कार्ट्रिज काढलं, विजेरी धरली. आत एका कोपऱ्यात आगकाडीएवढं काळं प्लॅस्टिकचं पातं असतं. पान पुढे सरकताना त्या पात्याला ढकलतं, पातं हललं की त्याच्या मागे असलेल्या बारीक प्रकाशाच्या वाटेतला अडथळा बदलतो आणि यंत्राला कळतं की पान आलं, पान गेलं. त्या पात्याखाली नखाएवढा तुकडा रुतला होता. पातं वर उचललेलं ते उचललेलंच. प्रिंटरच्या लेखी एक पान केव्हापासून त्याच्या पोटात होतं. चिमट्यानं तुकडा काढला तर त्यावर १२ हा आकडा, पुस्तिकेच्या बाराव्या पानाचा कोपरा. चिटणिसांनी तो तळहातावर घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि मग प्रिंटरकडे पाहिलं. दोघांत तेव्हा समेट झाला असावा.

अडकलेला कागद काढायची रीत आहे. प्रिंटर बंद करायचा, कागद ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं, दोन्ही हातांनी, सावकाश. फ्यूजरपाशी अडकला असेल तर मागचं झाकण उघडून मागून, आणि तेही यंत्र निवल्यावर, नाहीतर बोटं भाजतात. उलट्या दिशेनं हिसका दिला की एकतर कागद फाटतो नाहीतर रोलरचं दातचक्र दुखावतं. बाहेर काढलेलं पान टेबलावर पसरून चारही कोपरे मोजायचे. एक कमी असेल तर तो आतच आहे.

कागदाखेरीज आत आणखीही काही सापडतं. ट्रेच्या मागच्या उबदार कोपऱ्यात पालीची अंडी मी पाहिली आहेत, गोटीसारखी पांढरी, चिकटलेली. मुंग्या तर आपलं घर समजूनच राहतात. बंद ठेवलेल्या प्रिंटरवर जुना पंचा टाकला तरी यातलं बरंच टळतं.

हे झालं हातानं चाचपता येणारं. न दिसणारं दुखणं जास्त छळतं.

ड्रायव्हर हा प्रकार लोकांच्या गळी उतरवणं कठीण. संगणक स्वतःच्या भाषेत पान सांगतो, प्रिंटर स्वतःच्या भाषेत ऐकतो, मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. पूर्वी तो सीडीवर यायचा. आता लॅपटॉपला सीडी घालायची फटच नसते, मग लोक गुगलवर शोधतात आणि पहिल्या तीन जाहिरातींपैकी एकीवर टिचकी मारून भलतंच काहीतरी उतरवून घेतात. प्रिंटर राहतो बाजूला आणि संगणकात अनोळखी पाहुणे येऊन बसतात. ड्रायव्हर घ्यायचा तो प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून, मॉडेलचा पूर्ण क्रमांक बघून. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी ड्रायव्हर वेगळा असू शकतो.

पण ड्रायव्हरपर्यंत जायच्या आधी बघण्याच्या गोष्टी आहेत. 'प्रिंट दिली, पण सेव्ह करायची खिडकी उघडते' असं कोणी म्हणालं तर प्रिंट पीडीएफला चालली आहे. विंडोजमध्ये 'डीफॉल्ट प्रिंटर मी ठरवतो' असा आगाऊपणा करणारी एक खूण असते. ती चालू असली की शेवटी जो वापरला तोच मुख्य होऊन बसतो. ती खूण काढा. प्रिंटरच्या नावापुढे 'कॉपी १' दिसत असेल तर यूएसबीची वायर काढून दुसऱ्या भोकात घातली गेली आहे. संगणकाला वाटतं नवा पाहुणा आला, आणि तुम्ही अजून जुन्याच्या नावानं पत्रं पाठवताय. ट्रे भरलेला, कागद सुका, रोलर स्वच्छ, तरी पिवळा दिवा लुकलुकतो आणि बटण दाबल्यावर मात्र छापतो, असं असेल तर कागदाचा आकार बघा. कागद ए-फोर, २१० बाय २९७ मिलिमीटर, आणि फाइलीत निवडलंय अमेरिकन लेटर, २१६ बाय २७९. प्रिंटर बिचारा तो अमेरिकेतला कागद येण्याची वाट बघत उभा असतो.

रांगेत अडकलेलं काम हेही नेहमीचं. एक फाइल तुंबली की मागच्या सगळ्या तुंबतात, रद्द करायला गेलं तर 'डिलीटिंग' लिहून येतं आणि तसंच राहतं. तेव्हा सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग) थांबवायचा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात जाऊन त्यातल्या प्रिंटर्स फोल्डरातल्या फाइली पुसायच्या (फोल्डर नाही, फक्त आतल्या फाइली) आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. यातलं काहीच जमत नसेल तर संगणक आणि प्रिंटर दोन्ही बंद करून चालू करा. लोक हसतात या सल्ल्याला, पण करून बघत नाहीत.

एचपीचा लेझरजेट १०२० अजून इथल्या कितीतरी पंचायतींत, वकिलांच्या टेबलांवर आणि सोसायट्यांत चालतो. २००५ च्या सुमाराचा, करडा-पांढरा, बुटका. १२ए कार्ट्रिज कुठल्याही गावात भरून मिळतं, म्हणून तो मरत नाही. त्याची एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. वीज गेली की तो स्वतःला कसं चालवायचं हेच विसरतो. त्याला चालवणारं फर्मवेअर त्याच्याजवळ कायमचं साठवलेलंच नसतं. दर वेळी चालू केला की संगणकातला ड्रायव्हर ते वायरीतून त्याला भरवतो, मग तो शुद्धीवर येतो. लाइट जाऊन आली की प्रिंटर क्षणात उठतो, संगणक मात्र अजून जागा व्हायचा असतो. कधीकधी या गडबडीत भरवणं राहून जातं आणि हिरवा दिवा लावून तो ढिम्म बसतो. संगणक पूर्ण सुरू होऊ द्यावा, मग प्रिंटर बंद करून चालू करावा. पंचायतीतल्या कारकुनांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्या साहेबांसारखंच. रोज सकाळी सगळं पहिल्यापासून सांगायचं."

प्रिंटरच्या अडकलेल्या कागदावरून केवढं रामायण झालं, तेही सांगते. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. तो सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रामर होता. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यानं बदल करून ठेवला होता: कागद अडकला की वाट बघत बसलेल्यांना पडद्यावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मात्र कंपनीनं दिलाच नाही. ज्या विद्यापीठातल्या माणसाकडे तो होता त्यानंही करारावर बोट ठेवून नकार दिला. स्टॉलमन तो नकार कधी विसरला नाही. १९८३ मध्ये त्यानं ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे मूळ प्रोग्राम सगळ्यांना बघता-बदलता यावा म्हणणारी, चळवळ तिथून उभी राहिली. मला या गोष्टीत एवढंच पटतं, की प्रिंटर अडकला याचा त्याला राग नव्हता. अडकतोय तर निदान सांगू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

ड्रायव्हरच्या मागे अजून बरंच घडतंय. २०२१ च्या जून-जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये सुरक्षेचं मोठं भोक सापडलं, त्याला प्रिंटनाइटमेअर असं नावही पडलं. ते बुजवायला मायक्रोसॉफ्टनं जे अपडेट दिले त्यानंतर एका संगणकाला जोडून चार जणांत वाटून घेतलेले प्रिंटर जगभर रुसले. कोणाला ०एक्स०००००११बी-सारखे आकडे दिसले, कोणाला नुसतं 'जोडता येत नाही'. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, एक आकडा बदलून तो अडथळा दूर करण्याची युक्ती तेव्हा सगळीकडे फिरली. ती चालते, पण बुजवलेलं भोक पुन्हा उघडते. त्यापेक्षा प्रिंटर थेट राउटरला जोडावा. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की कंपन्यांचे वेगवेगळे जुने ड्रायव्हर विंडोजमार्फत पुरवणं हळूहळू बंद होणार आणि मोप्रिया या सामायिक पद्धतीनं बोलणारे प्रिंटर स्वतंत्र ड्रायव्हरशिवाय चालणार. हे मला बरं वाटतं. दुभाषे कमी झाले तर गैरसमज कमी होतील. १०२० सारख्या म्हाताऱ्यांचं मात्र कठीण आहे.

वाय-फायच्या तक्रारी आमच्याकडे घरावरून ओळखता येतात. नवी सदनिका असेल तर राउटरवर दोन नावं असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची. बरेचसे स्वस्त प्रिंटर फक्त २.४ वरच बोलतात, फोन ५ वर बसलेला, आणि काही राउटर या दोन खोल्यांमधलं दार बंद ठेवतात. जुनं चौसोपी घर असेल तर चिऱ्यांच्या हातभर जाड भिंती. राउटर सोप्यावर, प्रिंटर माजघरापलीकडच्या खोलीत. मोबाइलला निदान इकडे-तिकडे हलता येतं, प्रिंटर हलत नाही. तिथे लांब नेटवर्क केबल टाकावी, छान चालतं.

आणि 'ऑफलाइन'. प्रिंटर समोर चालू दिसतोय, दिवा निळा, फोनवरून छापतोय, संगणक म्हणतो ऑफलाइन. लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की तो घरातल्या सगळ्यांना नव्यानं पत्ते वाटतो. कालपर्यंत प्रिंटर ज्या पत्त्यावर राहत होता तिथे आज टीव्ही राहायला आलेला असतो आणि संगणक टीव्हीला पानं पाठवतो. गोव्यात पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. राउटरमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवायचा आणि संगणकात प्रिंटर जोडताना पोर्ट, म्हणजे प्रिंटरपर्यंतची वाट, डब्ल्यूएसडीऐवजी टीसीपी/आयपी निवडून तो पत्ता लिहायचा. तरी ऑफलाइनच दाखवत असेल तर त्या पोर्टाच्या खिडकीतली 'एसएनएमपी स्टेटस'ची खूण काढायची. हे एकदा केलं की पुढचा पावसाळा सुखाचा जातो.

मराठीचं दुखणं याहून वेगळं आहे. तालमीच्या दिवसांत संहिता घेऊन लोक येतात. कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा जवळ आली की तर रीघच. पेनड्राइव्हवर फाइल, उघडली की सगळं इंग्रजी अक्षरांचं गबाळ, कारण ती युनिकोडपूर्व काळातल्या कुठल्या तरी फाँटात आहे आणि तो फाँट माझ्याकडे नाही. किंवा पडद्यावर सुरेख दिसतं आणि कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात, नायकाच्या स्वगतात चौकोन येतात. प्रिंटरला किंवा ड्रायव्हरला ती अक्षरं स्वतःच्या मनानं जुळवायला दिली की असं होतं. पीडीएफ करताना फाँट आतच बांधून टाकायचा, आणि तरी बिघडलं तर अॅक्रोबॅटमध्ये प्रिंटच्या प्रगत पर्यायांत 'प्रिंट अॅज इमेज' निवडायचं. मग अख्खं पान चित्र म्हणून जातं, अक्षरं जुळवायला कोणाला मिळतच नाहीत. वेळ लागतो, पण वेलांटी जागेवर राहते.

या बाबतीत आमची भूमी अनुभवी आहे. भारतातलं पहिलं छापयंत्र १५५६ मध्ये गोव्यात उतरलं. ते निघालं होतं इथियोपियाला, अडकलं इथे, आणि जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात बसवलं गेलं. त्या कॉलेजची आता एक कमान तेवढी उभी आहे. पुढे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. ओव्या मराठी, पण छपाई रोमन लिपीत, कारण आपल्या लिपीचे खिळेच नव्हते. १६०८ च्या पत्रात त्यानं वरिष्ठांना कळवलं होतं की या देशाच्या लिपीत पुस्तक छापलेलं मरण्यापूर्वी बघावं अशी फार इच्छा आहे, पण युरोपातल्या २४ अक्षरांसारखं हे सोपं नाही, इथे ६०० साचे लागतील असं वाटतं. हे सगळं मला वाचायला मिळालं ते अ. का. प्रियोळकरांमुळे, भारतातल्या छपाईचा इतिहास त्यांनी १९५८ मध्ये इंग्रजीत लिहिला. प्रियोळ आमच्याच फोंडा तालुक्यातलं. एखाद्या नाटक मंडळाचा तरुण दिग्दर्शक वेलांटीवरून माझ्यावर डाफरायला लागला की मी त्याला स्टीफन्सचं हे पत्र ऐकवते. त्यानं वेलांटी सुधारत नाही, पण तेवढ्यात पान चित्र होऊन छापून येतं.

विजेचं थोडक्यात. मेअखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की भिंतीतून प्लग काढा आणि प्रिंटरची नेटवर्क केबलही काढा. वीज तारेतून येते तशी केबलीतूनही येते. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीच्या भोकात लावू नका, फ्यूजर तापताना एकदम जो करंट ओढतो तो लहान यूपीएसला झेपत नाही. शाईचा प्रिंटर असेल तर आधी त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा, मग भिंतीचं बटण. थेट भिंतीवरून बंद केला तर शाईचं मुंडकं झाकलं जात नाही, शाई सुकते, छपाईत पांढऱ्या रेघा येतात. मग लोक एकामागून एक हेड क्लीनिंग करत सुटतात. त्यात शाई पाण्यासारखी जाते आणि ती सगळी आतल्या स्पंजात मुरते. स्पंज भरल्याची नोंद झाली की काही प्रिंटर छापायलाच नकार देतात. एकदा-दोनदा क्लीनिंग करा, मग रात्रभर तसाच राहू द्या, सकाळी पुन्हा करून बघा. आणि आठवड्यातून एक रंगीत पान छापत जा, काही नसलं तर पंचांगाचं.

शेवटी सगळे विचारतात, "मग ताई, आम्ही कोणता घ्यावा?" महिन्याला पाच-दहा पानं छापायची असतील तर कुठलाच घेऊ नका, माझ्याकडे या. मुलांचे शाळेचे प्रकल्प आणि फोटो असतील तर शाईच्या टाकीचा, पण तो दर आठवड्याला थोडा चालवायची तयारी हवी. परदेशी मुलाकडे चार महिने जाऊन येणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. ऑफिसच्या कामाला काळा-पांढरा लेझर, नेटवर्क केबलचं भोक असलेला. ज्याचा टोनर आणि रोलर फोंड्यात किंवा म्हापशात मिळतो तोच घ्या, दुकानदार कितीही गोड बोलला तरी. यूएसबीवर चालवणार असाल तर वायरीचं आधी विचारा, हल्ली पुष्कळ खोक्यांत ती नसते. आणि ती पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका, त्यापुढे यूएसबी दगा देते.